कोण ऐकतंय?

प्रेस शॉपला लागून असलेल्या खोलीत रेकॉर्डिंग करायचं म्हटलं की सगळ्यात आधी फरशी आडवी येते. प्रेसचा प्रत्येक ठोका फरशीतून टेबलात आणि टेबलातून माइकच्या स्टँडमध्ये चढतो. नुसत्या कानाला तो जाणवतही नाही, पण हेडफोन लावला की बोलणाऱ्याच्या वाक्यावाक्यात धप्, धप्. चाकणच्या ज्या कारखान्यासाठी आम्ही पॉडकास्ट करतो, तिथला आमचा स्टुडिओ म्हणजे ओएचसी, कामगारांच्या भाषेत दवाखाना. तपासणीच्या कॉटवरची गादी काढून भिंतीला उभी करायची, स्टँडखाली ब्लँकेटची घडी सरकवायची, एसी आणि पंखा बंद करायचा आणि जेवणाच्या सुट्टीची वाट बघायची. प्रेस थांबतात तेवढ्या अर्ध्या तासात जे हाती लागेल ते आपलं.

कामाची रीत साधी आहे. दहा-बारा मिनिटांचा एक भाग, विषय एकच. मी संहिता आणि संकलन पाहतो, बोलतात त्या समुपदेशक ताई. भागांची नावं ‘झोप’, ‘हप्ता’, ‘साहेब सगळ्यांसमोर बोलले’ अशी असतात. नैराश्य, चिंताविकार हे शब्द आत येतात, पण उशिरा. आधी येते ती छातीतली धडधड, न जाणारं जेवण, रविवारी संध्याकाळपासून भरून येणारं डोकं. वाशीम-बीडकडून आलेला, खराबवाडीत चौघांत खोली घेऊन राहणारा पंचवीस वर्षांचा ऑपरेटर स्वतःला आजारी समजत नाही. त्याला टेन्शन असतं, इतकंच.

हे सगळं सुरू झालं एचआरच्या एका प्रेझेंटेशनमधून. पहिल्याच स्लाइडवर जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा होता: नैराश्य आणि चिंता यांपायी जगात दरवर्षी 12 अब्ज कामाचे दिवस वाया जातात, नुकसान 1 लाख कोटी डॉलरचं. आकडा खरा आहे. पण स्लाइडवर तो ज्या जागी होता, तिथून हेही दिसत होतं की कंपनीला आधी काय खुपतंय. त्यात गैर काही नाही. पैसा देणारा हिशेब करणारच. प्रश्न पुढे आला, पाचव्या-सहाव्या स्लाइडला. पॉडकास्ट एका ॲपवर असेल, प्रत्येक कामगाराला स्वतःची लिंक मिळेल, आणि कुणी किती मिनिटं ऐकलं, कुठे बंद केलं, हे डॅशबोर्डवर दिसेल.

ताईंनी तिथेच विचारलं, “म्हणजे ‘दारू सुटत नाही’ हा भाग कुणी तीनदा ऐकला, ते तुम्हाला कळणार?”

एचआर मॅडम म्हणाल्या, “आम्ही तसं बघणार नाही हो.”

“बघणार नसाल, तर दिसायची सोय कशाला?”

मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 रुग्णाच्या माहितीला गोपनीयतेचा हक्क देतो. पॉडकास्ट ऐकणारा कुणाचाच रुग्ण नसतो, त्यामुळे त्याच्या ऐकण्याला हे कवच सरळ लागू पडणं अवघड. पण कामगार कायद्याचं कलम बघून नाही, सुपरवायझरचं तोंड बघून ठरवतो. ॲप मागे पडलं. व्हॉट्सॲप ग्रुपचा पर्याय आला, तर तिथेही निरोप कुणी पाहिला याची यादी निघते. मग साधी एमपी 3 फाइल आणि क्यूआर कोड. कोडचं पोस्टर कॅन्टीनमध्ये ताटं ठेवायच्या जागी लावलं गेलं. दोनेकशे माणसांच्या देखत मोबाइल वर करून मन ठीक नसल्याच्या पोस्टरचा फोटो कोण काढणार? पोस्टर स्वच्छतागृहाच्या दारांना आतून लावलं, तेव्हा कुठे डाउनलोड सुरू झाले. सगळ्या उपक्रमातला सगळ्यात शहाणा निर्णय हाच, असं माझं मत आहे, आणि तो हाउसकीपिंगच्या एका मावशींनी सुचवलेला होता.

कारखान्यात कानावर शब्द घालण्याची कल्पना जुनी आहे. 1865 मध्ये हवानातल्या ‘एल फिगारो’ या सिगार कारखान्यात कामगारांनी एक वाचक नेमला. तंबाखूची पानं वळण्याचं काम हातांचं आणि शांततेचं; कान मोकळे. वाचकाने उंच जागी बसून वर्तमानपत्रं आणि पुस्तकं मोठ्याने वाचायची. त्याचा मोबदला कामगार आपल्या मजुरीतून द्यायचे आणि काय वाचायचं यात त्यांचा शब्द चालायचा. वर्षभरातच, 1866 मध्ये, स्पॅनिश सत्तेने या वाचनावर बंदी घातली. पुढे ही प्रथा क्यूबात परतली, फ्लोरिडातल्या टॅम्पालाही पोचली, आणि तिथे 1931 मध्ये मालकांनी वाचकांना काढून त्या जागी रेडिओ बसवले. दुसऱ्या महायुद्धात बीबीसीनेही 1940 पासून कारखान्यांसाठी ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’ लावलं, त्याचा हेतू उत्पादन वाढावं हा होता. ज्या गाण्याच्या ठेक्यावर कामगार हत्यारं आपटू लागतील ते गाणं वर्ज्य. आपल्याकडे आकाशवाणीवरची ‘कामगार सभा’ पुष्कळांना आठवत असेल.

हवानाच्या वाचकाची मला नेहमी आठवण होते ती त्याच्या मोबदल्यामुळे. आमचे पैसे कंपनी देते.

संकलनाच्या टेबलावर त्याची किंमत कळते. ‘झोप’ या भागात प्रेस शॉपमधला एक जण थर्ड शिफ्टबद्दल बोलला. सकाळी खोलीवर गेलं की सेकंड शिफ्टवाल्या पोरांची स्वयंपाकाची गडबड, वर पत्रा तापलेला, डोळा लागतो तोवर दुपार. या कारखान्यात शिफ्ट उलट्या फिरतात: फर्स्टनंतर थर्ड, थर्डनंतर सेकंड. ताईंनी सांगितलं की शरीराचं घड्याळ पुढे ढकलणं सोपं, मागे ओढणं अवघड. म्हणून फर्स्ट, सेकंड, थर्ड असा क्रम बऱ्याच जणांना सोसतो. खोलीला काळा पडदा लावा, शिफ्टच्या उत्तरार्धात चहा टाळा, हेही त्या म्हणाल्या. मंजुरीसाठी गेलेल्या संहितेत पडदा आणि चहा राहिले, क्रमाच्या वाक्याखाली लाल रेघ आली. “प्रॉडक्शनवाले मलाच विचारतील,” एवढंच एचआर मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनाच विचारलं जाणार, हे खरंच होतं. दोन बैठकांनंतर वाक्य राहिलं, त्यातला ‘कंपनीने’ हा शब्द गेला. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर 2022 मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात कामाच्या परिस्थितीतल्या बदलांचा आणि व्यवस्थापकांच्या प्रशिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. तो कागद आम्ही बैठकीत ठेवला होता. शिफ्टचा क्रम अजून तोच आहे.

आवाजाचंही असंच जपावं लागतं. माणसाचा आवाज यंत्राने जाड किंवा बारीक केला की तो लपतो असं वाटतं, लपत नाही. हेल तोच राहतो, ‘मपलं-तुपलं’ तेच राहतं, लाइनवरचे लोक दुसऱ्या वाक्याला ओळखतात. म्हणून आम्ही मूळ बोलणं उतरवून घेतो, विभाग आणि गाव बदलतो आणि त्याच बाजूच्या दुसऱ्या कुणाकडून, कंपनीबाहेरच्या माणसाकडून, ते बोलून घेतो. भागाच्या सुरुवातीला तसं सांगतो. मूळ रेकॉर्डिंग पुसतो, आणि बोलणाऱ्यासमोरच पुसतो. तो स्क्रीनकडे बघत बसतो. काही जण रिसायकल बिनही उघडायला लावतात.

आणि मग बस. फ्लोअरवर इअरफोनला बंदी आहे, ती असायलाच हवी; फोर्कलिफ्टचा हॉर्न ऐकू आला पाहिजे. ऐकायची खरी वेळ म्हणजे भोसरी-मोशीकडून येणारी कंपनीची बस, त्यातही तळेगाव चौकातला खोळंबा. एक दिवस कुणीतरी फाइल ड्रायव्हर काकांकडे दिली आणि काकांनी ती गाण्यांच्या जागी लावली. आता हे बऱ्याच बसमध्ये होतं. क्यूआर कोडला जे जमलं नाही ते या स्पीकरला जमलं: सगळ्यांच्याच कानावर पडतंय, त्यामुळे अमका ऐकतोय असं कुणाला म्हणता येत नाही. झोपेचं सोंग घेऊन ऐकता येतं, चेष्टा करत ऐकता येतं.

मी दोन-तीनदा त्या बसने गेलो आणि परत येऊन सगळं मिक्सिंग बदललं. डिझेल इंजिनाच्या घरघरीत आवाजातला खालचा भाग बुडतो, म्हणून तो आता आधीच कापतो. हळू बोललेलं आणि जोरात बोललेलं यांतलं अंतर कमी करतो, नाहीतर नेमकं महत्त्वाचं वाक्य गिअर बदलताना जातं. पार्श्वसंगीत काढून टाकलं. 64 केबीपीएस, मोनो. दहा मिनिटांची फाइल पाच एमबीच्या आत बसते, पाठवायला सोपी. शेवटी टेलि-मानसचा क्रमांक, 14416, दोनदा आणि सावकाश. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली, चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. मुख्य म्हणजे ती कंपनीची नाही. कंपनीच्या समुपदेशकाचा नंबर त्यानंतर येतो. हा क्रम आम्ही ठरवला आणि त्यावर मात्र कुणी रेघ मारली नाही.

पुढचा भाग लोन ॲपवर आहे. वसुलीवाले नातेवाइकांना फोन करतात, फोटो बिघडवून पाठवायची धमकी देतात, आणि पोरगं मशीनवर उभं असतं. ही मागणी बसमधूनच आली. “कर्ज हा मानसिक आरोग्याचा विषय आहे का?” असं व्यवस्थापनाने विचारलंय. ताईंनी उत्तरादाखल तीन कामगारांना, नाव न विचारता, आपल्या खोलीत बोलतं केलं आणि ते टिपण पाठवून दिलं. तिघेही ठेकेदाराचे. कंपनीच्या बसमध्ये ठेकेदाराच्या माणसांना जागा नसते. ती मोटरसायकलवर किंवा टेम्पोने येतात. त्यांच्यासाठी भाग कुठे वाजवायचा हे अजून ठरलेलं नाही. ताईंचं म्हणणं कॅन्टीनच्या स्पीकरवर, दुपारी. एचआर मॅडम म्हणतात, जेवताना नको. गेटवरच्या रांगेत, पंचिंगला उभं असताना लावावा, असं मी सुचवलंय. सिक्युरिटीची परवानगी मागितली आहे.