बावन्न सेकंदांचे सावधान

औंढा नागनाथ तालुक्यातले शिरड शहापूर हे मल्लिनाथाच्या जैन मंदिरामुळे दूरवर माहीत असलेले गाव. मराठवाड्यातल्या इतर गावांप्रमाणे इथेही वर्षातून चार वेळा ध्वजवंदनाचा योग येतो. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट हे साऱ्या महाराष्ट्राचे. १७ सप्टेंबर मात्र खास मराठवाड्याचा. देश १९४७ साली स्वतंत्र झाला, पण हा मुलूख निजामाच्या राजवटीतून सुटायला १९४८ चा सप्टेंबर उजाडावा लागला. त्याआधी, १९३८ साली, औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला आणि त्यापायी त्यांना कॉलेजला मुकावे लागले. गीत म्हणण्याची किंमत या मातीला ठाऊक आहे.

म्हणूनच राष्ट्रगीताच्या वेळी कसे उभे राहावे, हा केवळ कवायतीचा प्रश्न नाही. संविधान सभेने २४ जानेवारी १९५० रोजी ‘जनगणमन’ राष्ट्रगीत म्हणून स्वीकारले. ते पूर्ण म्हणायला सुमारे ५२ सेकंद लागतात. तेवढा वेळ टाचा जुळलेल्या, हात बाजूला सरळ, मान ताठ आणि तोंड ध्वजाकडे. सलामी गणवेशातल्यांनी द्यावी. इतरांनी स्तब्ध उभे राहावे. छातीवर हात ठेवणे ही अमेरिकेतली रीत, आपली नव्हे. उशीर झाला तर फाटकाशीच थांबावे, रांगेत शिरण्याची धडपड करू नये. मोबाइल आधीच बंद करावा. ज्या आजोबांना उभे राहवत नाही, त्यांनी खुर्चीत शांत बसावे. आणि कुणाच्या कडेवरचे मूल रडले, तर त्या माउलीकडे वळून डोळे वटारू नयेत. तसे करताना आपलेच सावधान मोडते!

कायदा काय म्हणतो? राष्ट्रगीत जाणूनबुजून अडवणाऱ्याला किंवा त्यात गोंधळ घालणाऱ्याला १९७१ च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण केरळातली तीन भावंडे धर्मश्रद्धेमुळे राष्ट्रगीत म्हणत नसत, आदराने उभी मात्र राहत. शाळेने त्यांना काढून टाकले. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. मूक उभे राहणे हा अपमान नव्हे, असा निवाडा दिला. सिनेमागृहांत राष्ट्रगीत वाजवण्याची २०१६ ची सक्तीही याच न्यायालयाने २०१८ मध्ये मागे घेतली.

औरंगाबादची मुले गीत म्हटले म्हणून गेली, केरळातली म्हटले नाही म्हणून. दोन्हीकडे चुकली ती सक्ती. आदर शिकवावा लागतो, तो घरातूनच. आपल्याकडे चौथ्यांदा झेंडा का लागतो, हे मुलांना एकदा नीट सांगा. मग ‘सरळ उभा राहा’ असे ओरडावे लागणार नाही.