खरोसा येथील लेणीं

प्राचीन शिल्प पाहावयाचें म्हणजे वेरूळासच गेलें पाहिजे, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु आमच्या औसा तालुक्यांतच, खरोसा गांवाजवळच्या टेकडींत, लेणीं कोरलेलीं आहेत, हें कित्येकांच्या ध्यानांतही नसतें. तीं सहाव्या शतकाच्या सुमाराचीं मानतात. नृसिंह, शिवपार्वती, कार्तिकेय व रावण यांच्या मूर्ति तेथें आहेत. जेम्स बर्जेस यांच्या १८७८ सालीं प्रसिद्ध झालेल्या अहवालांत या लेण्यांचें वर्णन आलें आहे.

घर बांधणारा गवंडी पायापासून वर चढतो. लेणें कोरणारा बहुधा छतापासून खालीं उतरतो. तो कांहीं रचीत नाहीं, नको तेवढा दगड काढून टाकतो. खांब म्हणून जें उरतें, तें डोंगराचेंच अंग होय. एकदां घाव चुकला, कीं निघालेला दगड पुनः जोडतां येत नाहीं.

वेरूळचा खडक काळा व कठीण; खरोशाचा जांभा. जांभा जमिनींत ओला असतां मऊ, म्हणून कोरावयास सोपा. उघड्यावर वारा व ऊन लागलें, कीं तो टणक होतो. पण त्याचें अंग सच्छिद्र असल्यामुळें त्यांत पावसाचें पाणी मुरतें. म्हणून येथील बऱ्याच मूर्ति झिजून अस्पष्ट झाल्या आहेत.

पावसास आम्ही अडवूं शकत नाहीं. परंतु विद्यार्थिमित्रांनो, खिळा घेऊन भिंतीवर आपलें नांव कोरण्याचा मोह आवरणें आपल्या हातीं आहे. चौदाशें वर्षांचे पावसाळे सोसलेल्या त्या दगडावर आपल्या हातून एकही ओरखडा न उठो, एवढीच आमची विनंति.