माढ्याच्या ताटातले मेक्सिको

माढा, कुर्डुवाडी, टेंभुर्णी भागातली ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी आणि ठेचा हे सगळे याच मातीतले, असा सर्वसाधारण समज आहे. मिरचीबाबत तरी तो चुकीचा आहे. मिरची मूळची मेक्सिकोची. पोर्तुगीज जहाजांतून ती 16व्या शतकात भारतात आली. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 12व्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त पक्वान्नांची ऐसपैस वर्णने आहेत, पण मिरची नाही. म्हणून तेव्हाचे जेवण मिळमिळीत होते असे नाही. तिखटपणा मिरी, पिंपळी आणि आल्यातून येई.

उपवासाचे पदार्थ प्राचीन, हा समज तर फारच पक्का. पंढरपूर जवळ असल्याने इथे एकादशी घरोघरी पाळली जाते. पण बटाटा, शेंगदाणा आणि ज्यापासून साबुदाणा करतात तो कंद, हे तिन्ही दक्षिण अमेरिकेतले. राजगिरा मात्र खास मेक्सिकोचा. (तांदुळजाची भाजी त्याच कुळातली असली तरी ती आशियातलीच.) अ‍ॅझ्टेक लोक राजगिऱ्याच्या पिठाच्या देवमूर्ती घडवत आणि सणानंतर त्यांचे तुकडे वाटून खात. स्पॅनिश पाद्र्यांना त्यात आपल्या धर्मविधीची विटंबना दिसली आणि त्यांनी ही प्रथा दडपली. धान्य टिकले. लाह्या मधात घोळून केलेली ‘आलेग्रिया’ ही वडी मेक्सिकोत आजही विकली जाते. आपल्या राजगिरा वडीशी तिचे साम्य चकित करणारे आहे. हजारो वर्षे इथे पिकणारी ज्वारी एकादशीला वर्ज्य आणि गेल्या चार-पाच शतकांत दर्या पार करून आलेला माल चालतो, ही गंमतच.

मेक्सिकोबद्दलही गैरसमज आहेतच. मेक्सिकन जेवण म्हणजे चीज घातलेले नाचोज, हा त्यातला शहरी गैरसमज. नाचोज 1943 मधले. गाय आणि गहू स्पॅनिशांनी 16व्या शतकात नेले. खरा पाया मक्याचा. तिथे मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग वाटतात. त्याने दाण्यातले नायसिन हे जीवनसत्त्व मोकळे होते. युरोपने मका उचलला, चुना सोडला. मक्यावरच जगणाऱ्या गरिबांत नायसिनअभावी पेलाग्रा हा रोग पसरला. दख्खनमध्ये ज्वारीवरच गुजराण करणाऱ्यांतही तो आढळला. हैदराबादच्या पोषण संशोधकांनी 1960च्या सुमारास त्याचा अभ्यास केला. शेंगदाण्यात नायसिन भरपूर असते. भाकरीबरोबर शेंगाचटणी खाल्ली की ती उणीव बरीचशी भरून निघते.