पंचवीस मिनिटांचे तीनशे पंचावन्न रुपये

आज मी तुमच्याशी वेळेच्या हिशोबाबद्दल बोलणार आहे.

आमच्या बचत गटाचं मसाला कांडप यंत्र आहे. भाडं तासाला ६० रुपये, म्हणजे मिनिटाला १ रुपया. पूर्वी भिंतीवरचं घड्याळ बघून वहीत लिहायचो आणि त्यावरून कुरबुरी व्हायच्या. मग एका सदस्येच्या मुलाने, तो आयटीआयला आहे, मोबाईलवरून चालणारा स्विच आणि टाइमर बसवून दिला. यंत्र मोठं असल्यामुळे ते साध्या स्मार्ट प्लगवर न चालवता वायरमनकडून कॉन्टॅक्टर बसवून घेतला. आता मिनिटं भरली की यंत्र आपोआप बंद होतं आणि किती वेळ चाललं याचा मेसेज सचिवांच्या फोनवर येतो.

पहिल्याच आठवड्यात आमच्या एका ताईंनी मिरची कांडून नेली. मेसेज आला ०५:५५. सचिवांनी ५ तास ५५ मिनिटं धरून ३५५ रुपये लिहिले. या ताई मजुरीला जातात. बैठकीत त्यांनी पदराच्या गाठीतून पैसे काढून मुकाट्याने पुढे ठेवले. मी विचारलं, "ताई, एवढा वेळ कांडत होता?" त्या म्हणाल्या, "नाही हो, अर्धा तासही झाला नसेल. पण मशीन कशाला खोटं बोलेल? माझंच काहीतरी चुकलं असेल."

पैसे मी तिथेच थांबवले. त्या मुलाला बोलावून शोध घेतला, तेव्हा समजलं की यंत्र २५ मिनिटंच चाललं होतं. मग वरचे साडेपाच तास आले कुठून?

नीट ऐका. टाइमरच्या पोटात वेळ बहुतेक सेकंदांत मोजली जाते. २५ मिनिटं म्हणजे १५०० सेकंद. हा आकडा आपल्याला वाचता येईल असा करायला स्क्रिप्ट लिहितात. स्क्रिप्ट म्हणजे पाककृतीसारखी, आधी हे कर, मग ते कर, अशी कॉम्प्युटरला दिलेली यादी. आमच्या स्क्रिप्टमध्ये चूक झाली ती अशी: १५०० सेकंद हा 'लागलेला वेळ' होता, पण स्क्रिप्टने तो 'घड्याळातली वेळ' समजून मांडला. कॉम्प्युटर घड्याळातली वेळ १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून सेकंदांनी मोजतो, आणि ती मध्यरात्र ग्रिनिचच्या वेळेची. भारताची वेळ ग्रिनिचच्या ५ तास ३० मिनिटं पुढे. म्हणून स्क्रिप्टने आपल्याकडची वेळ दाखवताना साडेपाच तास मिळवले. २५ मिनिटांचे झाले ५ तास ५५ मिनिटं.

यावर सरळ उपाय आहे भागाकार. एकूण सेकंदांना ३६०० ने भागा, भागाकार येईल ते तास. उरलेल्या बाकीला ६० ने भागा, ती मिनिटं. शेवटची बाकी म्हणजे सेकंद. समजा ५००० सेकंद झाले. त्यात ३६०० एकदा जातात, १ तास. बाकी १४००. त्यात ६० तेवीस वेळा, २३ मिनिटं. उरले २० सेकंद. स्क्रिप्टला आता आम्ही हेच करायला सांगितलंय. शिवाय मेसेज ०५:५५ असा न येता '२५ मिनिटे' असा शब्दांत येतो, म्हणजे कुणी घोटाळ्यात पडत नाही.

आणखी दोन ठिकाणी सांभाळा. काही ॲपमध्ये १.२५ तास असं दिसतं. ते १ तास २५ मिनिटं नव्हे. पॉइंट पंचवीस म्हणजे पाव तास, म्हणून सव्वा तास, १ तास १५ मिनिटं. मिनिटं काढायची तर १.२५ ला ६० ने गुणा, ७५ येतील. दुसरं, घड्याळाच्या पद्धतीने मांडलेली वेळ २४ तासांनंतर पुन्हा शून्यापासून सुरू होते. पंप महिन्यात २६ तास चालला तर २ तासच दिसतील. तिथे नुकसान गटाचं.

म्हणून तुमच्या गटात असा टाइमर आला, तर पैसे घेण्याआधी त्याची परीक्षा घ्या. भिंतीवरचं घड्याळ समोर ठेवून यंत्र बरोबर १० मिनिटं चालवा. मेसेजमध्ये १० मिनिटंच आली पाहिजेत. वहीत सुरू केल्याची आणि बंद केल्याची वेळ लिहिणं मात्र सोडू नका.

त्या ताईंकडून आम्ही २५ रुपये घेतले आणि ही गोष्ट प्रोसिडिंगमध्ये लिहून ठेवली. यंत्र मुद्दाम खोटं बोलत नाही, पण त्याला सांगणाऱ्या माणसाची चूक होऊ शकते. आकडा मनाला पटला नाही तर बैठकीत नि:संकोच विचारा. कांडपाला किती वेळ लागतो, हे तुमच्या हाताला नक्की ठाऊक असतं.