पिशवी काढण्याचा प्रश्न : उपचार, संमती आणि सदसद्विवेक

रविवारची मिस्सा संपल्यावर भगिनी दाराशी थांबून हळू आवाजात जे प्रश्न आम्हांला विचारतात, त्यांत एक वारंवार येतो : "फादर, डॉक्टर पिशवी काढायला सांगतात. काढली तर पाप लागेल का?" विचारणारीच्या मनात दोन भये असतात, एक शस्त्रक्रियेचे आणि दुसरे ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीचे. दुसऱ्या भयाचे निरसन त्या मानाने सोपे आहे. पहिल्याविषयी आपण धर्मगुरू जितके बोलावयास हवे तितके बोलत नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

प्रथम शिकवणूक. शरीराचा एखादा अवयव रोगग्रस्त होऊन संपूर्ण शरीरास धोका निर्माण करीत असेल, तर संपूर्ण शरीराच्या हितासाठी तो काढून टाकणे नीतीला धरून आहे. नीतिशास्त्रात यास समग्रतेचे तत्त्व म्हणतात. पोप सहावे पॉल यांनी १९६८ मध्ये प्रसृत केलेल्या 'ह्युमाने व्हिते' या विश्वपत्रातही, आजार बरा करण्यासाठी आवश्यक असलेल्या उपचारामुळे गर्भधारणा अशक्य होणार असली, तरी तो उपचार निषिद्ध नाही, असे स्पष्ट केले आहे. मात्र गर्भधारणा टाळणे हा त्या उपचाराचा हेतू असता कामा नये. म्हणून कर्करोग, औषधांनी न आवरणारा रक्तस्राव किंवा प्रसूतीच्या वेळी फाटलेले गर्भाशय अशा प्रसंगी शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या भगिनीने मनात अपराधभाव बाळगण्याचे काहीच कारण नाही.

अवघड प्रसंगही असतात. एकामागून एक सिझेरियन झाल्यामुळे गर्भाशय दुर्बल झाले आहे, आज त्यापासून धोका नाही, परंतु पुढील गर्भारपण धोक्याचे ठरेल. अशा वेळी ते आधीच काढावे काय? व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांत मंडळाने १९९३ मध्ये याचे उत्तर नकारार्थी दिले, कारण येथे धोका गर्भाशयापासून नसून भावी गर्भधारणेपासून आहे आणि तो टाळण्याचे अन्य मार्ग आहेत. डिसेंबर २०१८ मध्ये याच मंडळाने आणखी एका टोकाच्या प्रसंगाचा विचार केला. गर्भ जगण्याच्या अवस्थेस पोहोचण्यापूर्वीच गर्भपात होणार, अशी तज्ज्ञांची खात्री झाली असेल, तर गर्भाशय काढणे अनुज्ञेय आहे, असे त्याने सांगितले. प्रजननच जेथे शक्य नाही, तेथे त्या कृतीस निर्बीजीकरण म्हणता येत नाही, हा त्यामागील तर्क. मात्र अनुज्ञेय आहे म्हणून ती प्रत्येक वेळी सर्वोत्तम ठरते असे नाही, हेही त्याच उत्तरात नमूद आहे.

आता पहिल्या भयाकडे वळू. आपल्याच राज्यातील बीड जिल्ह्यातून दरवर्षी हजारो जोडपी ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून हंगामाआधीच उचल घेतलेली असते आणि एक दिवस काम बुडाले तर 'खाडा' म्हणून दंड कापला जातो. फडावर स्वच्छतागृह नाही, पाण्याची ददात, डोक्यावर उसाच्या मोळ्या. पाळीच्या दिवसांतही विसावा नाही. अंगावरून पांढरे जाऊ लागले, ओटीपोट दुखू लागले, की डॉक्टर सांगतात, "पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल." या वाक्याने किती संसार कर्जात बुडाले असतील, देव जाणे! २०१९ मध्ये हा प्रकार गाजल्यावर शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे साधारण सहांमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ च्या फेरीनुसार १५ ते ४९ वयोगटातील महिलांत देशभरातील हेच प्रमाण सुमारे तीन टक्के होते.

पांढरे जाणे हे बहुधा जंतुसंसर्गाचे लक्षण असते आणि तो औषधांनी बरा होतो. उलट, ऐन तिशीत गर्भाशयाबरोबर अंडकोशही काढले, तर शरीरातील इस्ट्रोजेन एकाएकी घटते, हाडे ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. पुन्हा मोळ्या उचलायच्याच असतात; त्या कंबरदुखीसह.

त्या स्त्रीने कागदावर अंगठा दिला होता, मग तिची संमती नव्हती काय? २००८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असाच प्रश्न आला होता. तपासणीसाठी भूल दिलेल्या एका महिलेचे गर्भाशय व अंडकोश, बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन, काढण्यात आले होते. न्यायालयाने स्पष्ट केले, की तपासणीस दिलेली संमती ही शस्त्रक्रियेची संमती नव्हे. जिवावरचे संकट नसेल तर सज्ञान रुग्णाच्या वतीने दुसऱ्याने होकार देणे पुरेसे नाही. आणि उपचाराचे स्वरूप, त्यातील धोके व उपलब्ध पर्याय समजावून दिल्यावरच संमती खरी ठरते. एप्रिल २०२३ मध्ये, बिहार, छत्तीसगड व राजस्थानातील अनावश्यक शस्त्रक्रियांविषयीच्या याचिकेवर, केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत अमलात आणण्याचा आदेश त्याच न्यायालयाने राज्यांना दिला. आपल्या नीतिशास्त्रातही भीती आणि अज्ञान यांच्या छायेत दिलेला होकार पूर्णतया मुक्त मानला जात नाही.

मार्काच्या शुभवर्तमानातील बारा वर्षे रक्तस्रावाने पीडित असलेल्या स्त्रीने अनेक वैद्यांच्या हाती आपले सर्वस्व खर्च केले होते आणि तिला गुण आला नव्हता. ती गर्दीतून, मागून आली. आपल्याकडेही या दुखण्याविषयी स्त्रिया मागूनच येतात, बहुधा फार उशिरा.

म्हणून दाराशी थांबलेल्या भगिनीला आम्ही आता पाप-पुण्याआधी दुसरे काही विचारतो. सोनोग्राफी झाली का? पॅप चाचणी झाली का? आधी औषधे देऊन पाहिली का? रक्तस्रावावर दिलेल्या संप्रेरकांच्या गोळ्या 'कुटुंबनियोजनाच्या' म्हणून काही जणी घेत नाहीत. उपचार म्हणून त्या घेण्यास शिकवणुकीची आडकाठी नाही. अंडकोश ठेवणार की काढणार, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाचे मत घ्यावे, शक्य तर शासकीय रुग्णालयातील. आणि शस्त्रक्रिया झालीच, तर काढलेल्या भागाचा प्रयोगशाळेतील अहवाल मागून घ्यावा व जपून ठेवावा.