माशी की लाल ठिपका?
राखणीच्या बंदुकीचा नेम आणि आपला डोळा

भाताची लोंबी दुधात आली, की कोकणातल्या शेतकऱ्याची झोप उडते. दिवसा रोग-किडीची काळजी आणि रात्री रानडुकरांची. डुकरांचा कळप एकदा खाचरात शिरला, की खातो थोडे आणि तुडवतो फार. सकाळी बांधावर उभे राहून लोळलेले पीक पाहताना घरच्या लक्ष्मीच्या डोळ्यांत जे पाणी येते, ते मी तीस वर्षांच्या नोकरीत पुष्कळदा पाहिले आहे.

गेल्या आश्विनात करपा पाहण्यासाठी मी एका वाडीत गेलो होतो. पाहणी झाली, चहा झाला. निघणार तेवढ्यात घरचे आबा म्हणाले, “साहेब, जरा बसा. एक वस्तू दाखवायची आहे.” आबांचे वय अडुसष्ट. त्यांच्याकडे वडिलांच्या काळापासून परवान्याची एकनळी बाराबोरी बंदूक आहे. आतून त्यांनी कागदी खोका आणला. मुंबईच्या मुलाने पाठवलेला रेड डॉट त्यात होता. बंदुकीवर बसवायचे हे छोटे यंत्र. त्याच्या काचेत पाहिले की लाल ठिपका दिसतो, आणि तो ठिपका सावजावर ठेवला की नेम लागला असे समजायचे.

आबा म्हणाले, “हल्ली माशी दिसत नाही. पोरगा म्हणतो, हे बसवा, म्हातारपणीही नेम चुकायचा नाही. बसवू का?”

शेतकरी बंधूंनो, मी काही बंदुकीचा कारागीर नव्हे. पण आमच्या घरीही वडिलांपासून चालत आलेली राखणीची बंदूक आहे आणि माझीही पन्नाशी उलटली आहे. आबांचा प्रश्न आज अनेक घरांत आहे, म्हणून त्या दिवशी बोललो ते येथे नीट मांडतो.

माशीचे काम

बंदुकीच्या नळीच्या टोकावर मण्याएवढा पितळी किंवा पांढरा ठिपका असतो, तीच माशी. रायफलीला पुढे माशी असते आणि मागे खाचही असते. दोन्ही एका रेषेत आणून नेम धरायचा. छऱ्यांच्या साध्या बंदुकीला बहुधा मागची खाच नसतेच. मग मागची खाच कोणती? तर आपला डोळा! दस्ता खांद्याला आणि गाल दस्त्याला प्रत्येक वेळी त्याच जागी टेकला, तरच डोळा त्याच जागी येतो. गाल वर उचलला की छरे वर जातात. म्हणून जुने लोक “बंदूक अंगाला बसली पाहिजे” म्हणत, ते अगदी शास्त्रशुद्ध आहे.

दुसरी गोष्ट अशी, की छऱ्यांच्या बंदुकीत माशीकडे टक लावून पाहायचे नसते. नजर सावजावर ठेवायची. माशी पुढे अंधुक दिसली तरी चालते. चाळिशीनंतर जवळचे अंधुक दिसू लागते आणि माशी तर डोळ्यांपासून फार लांब नसते. त्यामुळे ती थोडी पुसट दिसणे हा वयाचा धर्म आहे. मात्र वाचायचा चष्मा लावून बंदूक धरू नये. त्याने माशीही नीट दिसत नाही आणि लांबचे सारेच पुसट होते.

लाल ठिपक्याचे तंत्र

ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. डब्लिनचे दुर्बिणी बनवणारे हॉवर्ड ग्रब यांनी १९०० साली काचेवर उजेड परावर्तित करून नेम धरण्याची युक्ती मांडली. पुढे १९७५ साली स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने विजेच्या दिव्याचा लाल ठिपका बाजारात आणला. आत एक अगदी बारीक दिवा असतो. त्याचा लाल उजेड पुढच्या वक्र काचेवर पडून आपल्या डोळ्याकडे परततो. डोळ्याला मात्र ठिपका लांब, सावजाच्या अंगावरच असल्यासारखा वाटतो. त्यामुळे जवळची माशी आणि लांबचे सावज अशी दोन ठिकाणी नजर लावावी लागत नाही. दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात. डोळा किंचित इकडेतिकडे झाला तरी फारसे बिघडत नाही. वय झालेल्या डोळ्याला ही खरी सोय आहे, हे मान्य केले पाहिजे.

आता दुसरी बाजू पाहू. एकनळी बंदुकीच्या गोल नळीवर हे यंत्र बसवायला सपाट पट्टी लागते. नळीला भोक पाडून पट्टी बसवणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. नळीची भिंत कमजोर झाली तर बार उडताना ती फुटू शकते. यंत्र उंच बसले तर गाल दस्त्यावरून सुटतो आणि बंदूक अंगाला बसेनाशी होते. बाराबोरीचा धक्का मोठा. छऱ्याच्या हवाई बंदुकीसाठी बनवलेले स्वस्त यंत्र त्या धक्क्याने ढिले होते आणि ठिपका जागेवरून सरकतो. सरकलेला ठिपका दिसतो मात्र पहिल्यासारखाच लालचुटुक! माशी वाकली तर डोळ्यांना दिसते, ठिपका सरकलेला दिसत नाही. शिवाय सेल संपतो, परतीच्या पावसाचे थेंब काचेवर बसतात, आणि आपल्या दमट हवेत काचेला बुरशीही धरते.

हिशेब करून पाहू

आता नेमके किती पदरात पडते ते पाहू. सामान्य रेड डॉटचा ठिपका २५ मीटरवर सुमारे १५ मिलिमीटर जागा झाकतो, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढी. त्याच अंतरावर साध्या, तोंडाशी न आवळलेल्या नळीतून निघालेले छरे पाऊण ते एक मीटर रुंदीत पसरतात. तोंडाशी पूर्ण आवळलेल्या नळीतून अर्ध्या मीटरच्या आसपास. ज्या बंदुकीचा मार परातीहून मोठा, तिला नखाएवढा नेम घेऊन काय करायचे? एकच गोळी असलेले काडतूस वापरणाऱ्याला ठिपक्याचा उपयोग आहे, कारण तेथे नेम बोटभर चुकला तरी फरक पडतो. छऱ्यांसाठी आपली बंदूक, आपले काडतूस आणि आपले अंतर यांची ओळख जास्त मोलाची आहे.

ही ओळख करून घेण्याचा मार्ग सोपा आहे. जुनी वर्तमानपत्रे चिकटवून चार फुटी चौकोन करावा, मध्ये काळी खूण करावी आणि मागे मातीचा उंच बांध असेल अशा ठिकाणी २५ मीटरवरून बार टाकून छरे मोजावेत. मात्र आधी पोलीस ठाण्यात विचारावे आणि परवान्याच्या अटींत बसेल तेथेच हे करावे. खुणेच्या कोणत्या बाजूला छरे जास्त पडले, हे कागद खोटे सांगत नाही. माशी असो वा ठिपका, ही परीक्षा दोघांनाही चुकलेली नाही.

आबांचा डोळा

एवढे सांगून मी ते यंत्र बंदुकीवर न चढवता नुसते हातात घेतले, सेल घातला आणि अंगणातल्या माडाकडे पाहिले. मला स्वच्छ गोल ठिपका दिसला. मग आबांच्या हातात दिले. उजव्या डोळ्याला लावून ते म्हणाले, “हा गोल कुठे आहे? हा तर फुटल्यासारखा दिसतो. चहूकडे किरण निघालेत.”

मी म्हटले, “डाव्या डोळ्याने बघा.” डाव्याने त्यांना ठिपका बराच ठीक दिसला.

यंत्र तेच, अंगण तेच. बदलला तो फक्त डोळा. बुबुळाचा आकार वेडावाकडा असला किंवा डोळ्यात मोतीबिंदू धरला, तर उजेडाचा ठिपका असा फाकलेला दिसतो. मी डॉक्टर नव्हे, पण एवढे कळले, की दोष माशीत नाही. “आबा, रात्री समोरून येणाऱ्या मोटारीचे दिवेही असेच फाकतात का?” असे विचारताच आतून वहिनी म्हणाल्या, “दोन वर्षं झाली सांगते आहे मी, डोळे दाखवा. पायरी चुकतात. आणि रात्री बंदूक घेऊन जातात!”

मी आबांना माझीच एक गोष्ट सांगितली. ती तुम्हालाही सांगतो.

त्या रात्रीची गोष्ट

मी तेव्हा कॉलेजात शिकत होतो. सुट्टीत घरी आलो की वडिलांबरोबर राखणीला माळ्यावर जायचो. परतीच्या पावसाची झिमझिम होती. बांधापलीकडे सळसळ झाली आणि भातात काहीतरी काळे, बुटके, पुढे सरकताना दिसले. बंदूक वडिलांची, परवानाही त्यांचाच; पण तरुण रक्त, मी झटकन उचलून खांद्याला लावली. माशी त्या काळ्या आकारावर बरोबर बसली. आयुष्यात इतका सुरेख नेम मी पुन्हा कधी धरला नाही.

वडिलांनी नळीवर हात ठेवून ती खाली दाबली आणि एवढेच म्हणाले, “आधी बॅटरी मार.”

विजेरीचा झोत टाकला. समोर शेजारच्या काकू होत्या. डोक्यावरून गोणपाटाची खोळ घेऊन, वाकून, चुकलेली पाडी शोधत होत्या. उजेड पडताच त्या हसून म्हणाल्या, “कोण रे? पाडी दिसली का आमची?”

मी उत्तर देऊ शकलो नाही. रात्रभर माझे हात कापत होते. वडिलांनी त्यावर पुन्हा कधी एक शब्द काढला नाही, आणि काकूंना तर आम्ही कधीच सांगितले नाही. त्या पुढे वीस वर्षे जगल्या. दर दिवाळीला त्यांच्या हातचे पोहे खाताना ती माशी माझ्या डोळ्यांसमोर येई.

तेव्हापासून मी मानत आलो, की नेम चुकल्याने पिकाचे नुकसान होते, पण ओळख चुकल्याने घर बसते. माशी आणि लाल ठिपका हे दोघेही बार कुठे जाईल एवढेच सांगतात. समोर कोण आहे, हे दोघांनाही ठाऊक नसते. उलट अंधारात ठिपक्याचा उजेड जास्त ठेवला, तर त्याच्या झगमगाटात मागची वस्तू आणखीच दिसेनाशी होते. रानडुक्कर समजून माणसावर बार गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्यातल्या कितीतरी बंदुकांचा नेम अचूकच असणार.

कायद्याची बाजू

शस्त्र कायदा १९५९ सालचा आहे. त्याच्या १३ व्या कलमात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे, आणि ती पुरेशी नाही अशी खात्री पटली तर दुसरी साध्या नळीची बंदूक देता येते. बंदुकीची दुरुस्ती किंवा फेरफार परवानाधारक कारागिरानेच करायचा असतो. गावातल्या वेल्डिंगवाल्याचे ते काम नव्हे. नळीवर काहीही नवे चढवण्याआधी परवाना देणाऱ्या कार्यालयात विचारून घ्यावे. परवाना ज्याच्या नावावर आहे त्यानेच बंदूक हाताळावी. मी त्या रात्री केले ते कायद्यानेही चूकच होते.

आणखी एक गोष्ट. बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारण्याचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्यासाठी वनखात्याची लेखी परवानगी लागते. तिच्यातल्या अटी घरातल्या शिकलेल्या मुलीकडून किंवा मुलाकडून एकदा मोठ्याने वाचून घ्याव्यात. पिकाचे नुकसान झाले तर वनखात्याकडे भरपाईचा अर्जही विनाविलंब करावा.

मग निवड कशी करावी?

नजर चांगली आहे, छऱ्यांचे काडतूस आहे, अंतर २०-२५ मीटरचे आहे, तर माशीच पुरे. ती पुसट वाटत असेल तर टोकावरची घाण काढावी आणि तिला पांढऱ्या रंगाचा बारीक ठिपका द्यावा, खर्च नाही. एका गोळीचे काडतूस वापरत असाल, बंदुकीला कारखान्यातूनच सपाट पट्टी असेल आणि बाराबोरीचा धक्का सोसणारे भक्कम यंत्र घेण्याची ऐपत असेल, तर लाल ठिपका जरूर घ्यावा. मात्र माशी काढून टाकू नये, दर हंगामाला कागदावर परीक्षा घ्यावी आणि सेल नवा घालावा. पण आधी डोळे तपासून घ्यावेत. आणि दोन्ही वेळेला पहिला मान विजेरीचा. काय आहे ते ओळखले, त्याच्यामागे काय आहे तेही पाहिले, मगच बोट चापावर जावे.

आबांनी रेड डॉट खोक्यात परत ठेवला. दिवाळीनंतर वहिनींनी त्यांना तालुक्याला नेले. उजव्या डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू निघाला. माघात शस्त्रक्रिया झाली. तोपर्यंतची राखण त्यांनी डबे वाजवून आणि शेजाऱ्यांची पाळी लावून केली. थोडे भात गेले, बाकीचे घरात आले.

शिमग्यात त्यांच्या अंगणात पुन्हा बसलो, तेव्हा आबांनी माडाकडे बोट दाखवले. “साहेब, झावळीची पाती मोजता येते आता.” मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, “गेल्या दोन वर्षांत मी रात्री चार बार टाकले. कशावर टाकले, ते आज आठवतो आणि झोप येत नाही.”

वहिनी चहा घेऊन आल्या. त्या काही बोलल्या नाहीत. आपल्या घरातल्या बंदुकीवर काय बसवायचे याचा विचार करण्यापूर्वी, मंडळी, ती धरणाऱ्याच्या डोळ्यांकडे एकदा पाहा.