ओलीचा माग

सोलापूर जिल्ह्याची गणना सरकारी दप्तरात अवर्षणप्रवण प्रदेशात होते, आणि त्या जिल्ह्याच्या आग्नेय टोकास, कर्नाटकाच्या सीमेला लागून वसलेल्या अक्कलकोट तालुक्यात तर वर्षाचे आठ महिने आकाश इतके कोरडे असते की घराच्या भिंतीवर बुरशी चढेल ही कल्पनाच तेथील माणसाला मानवत नाही. बुरशी ही कोकणाची, घाटमाथ्याची. आषाढात चपलांवर हिरवी लव आणि ट्रंकेतल्या कपड्यांना कुबट वास हे रत्नागिरीकडचे हाल, आपल्याकडचे नव्हेत, अशी त्याची समजूत. तथापि या भागाचा पाऊस मृगापेक्षा उत्तरा आणि हस्त नक्षत्रांवर अधिक विसंबलेला असतो. रब्बीच्या ज्वारीला जो पाऊस जीवदान देतो तोच भाद्रपद-आश्विनात घरांच्या भिंतींत मुरतो, आणि नवरात्राच्या साफसफाईसाठी कपाट पुढे ओढले की त्याच्यामागे हाताच्या पंजाएवढे काळपट-हिरवे ठिपके दृष्टीस पडतात. त्या ठिपक्यांचे मूळ शोधणे हे एक शास्त्रही आहे आणि एक कारागिरीही आहे. पाश्चात्य देशांत त्याचा स्वतंत्र व्यवसाय झालेला आहे. आपल्याकडे ते काम अजून गवंडी, रंगारी आणि गळती बंद करणारा ठेकेदार यांच्यात विखुरलेले आहे.

या शास्त्राची ओळख करून घेण्यापूर्वी येथील जुन्या घराकडे पाहणे अगत्याचे आहे. अक्कलकोट संस्थानच्या काळातील वाडे असोत की खेड्यातील शेतकऱ्याचे घर असो, छप्पर बहुधा माळवदाचे. दगडमातीच्या रुंद भिंती, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलच, त्यावर झाडपाला आणि सर्वांवर मातीचा जाड थर; आणि या थराच्या माथ्यावर गावठाणातली पांढरी, खारवट माती, जी पाऊस पडताच फुगून आपली छिद्रे आपणच मिटवून घेते. दरसाल मृगापूर्वी घरचा कर्ता माणूस माळवदावर चढे, भेगा पाही, गवत उपटी, नवी माती टाकून ठोकी आणि पन्हाळीत अडकलेला केरकचरा काढी. ही वार्षिक तपासणीच होती; तिला कोणी तपासणी म्हणत नसे एवढेच. भिंत माती-चुन्याची असल्यामुळे आत शिरलेले पाणी उन्हाबरोबर बाहेर पडे, आणि चुन्याचा क्षार बुरशीला पोषक नसल्याने सफेदी केलेल्या भिंतीवर तिचे पाऊल सहसा स्थिरावत नसे.

मात्र या घरांचे गोडवे गाताना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट विसरून चालणार नाही. किल्लारीच्या भूकंपाने शेजारच्या लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत याच जातीच्या जड छपरांखाली निजलेली सहस्रावधी माणसे गाडली गेली, आणि त्या दिवसापासून माळवदाखाली झोपण्याची धास्ती साऱ्या परिसराच्या मनात बसली. माणसे सिमेंटकडे वळली ती केवळ हौसेने वळली नाहीत, आणि त्यांना जुन्याकडे परत चला असे सांगणे हा निव्वळ निर्दयपणा होईल.

परंतु घर बदलले तरी त्याची निगा राखण्याची रीत बदलली नाही, किंबहुना ती लोपली. स्लॅबला दरसाल माती घालावी लागत नाही म्हणून गच्चीवर कोणी चढत नाही. ढाळ चुकलेल्या कोपऱ्यात पाणी साचते, टाकीच्या नळाच्या सांध्यातून ते थेंबाथेंबाने झिरपते, कठड्याच्या बुडाशी बारीक भेग पडते. भिंतीला आतून बाहेरून सिमेंटचा गिलावा आणि त्यावर प्लास्टिक रंगाचे आवरण असल्यामुळे एकदा मुरलेले पाणी लवकर सुटत नाही. स्नानगृह शयनगृहाला जोडून आले आणि खिडकी मात्र वीतभर राहिली. स्वामी समर्थांच्या दर्शनासाठी येणाऱ्या भाविकांकरिता गावात ज्या निवासाच्या खोल्या उभ्या राहिल्या त्यांची स्थिती तर अधिकच नाजूक: गुरुवारी आणि पौर्णिमेला एकेका खोलीत पाच-सहा माणसांची स्नाने, ओल्या पंचांचा आणि श्वासांचा दमटपणा, आणि मग काही दिवस कुलूप. बंद खोलीतली ओल बाहेर जाण्यास वाट नाही, आणि बुरशीला मुख्यतः ओलच लागते.

बुरशीचे बीजाणू सर्वत्र असतात. ज्वारीच्या कणसांवर, पाचोळ्यावर, रस्त्याच्या धुळीत, आपल्या धोतराच्या निऱ्यांत ते असतात, आणि त्यांना घराबाहेर ठेवणे कोणालाही शक्य नाही. ते उगवतात मात्र जेथे पृष्ठभाग सतत ओलसर राहील तेथेच. भिंतीलगतच्या हवेतील सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ८० टक्क्यांच्या वर राहिली की रंगातील सेंद्रिय अंश, कागद, लाकूड, कापूस हे त्यांचे अन्न होते. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळवली तर बहुधा बुरशी धरत नाही. म्हणून खरा तपासनीस घरात शिरताच बुरशीकडे पाहत नाही. तो पाणी कोठून आले हे शोधतो.

त्याची पहिली साधने म्हणजे प्रश्न. वास कोणत्या महिन्यात येऊ लागतो? पाऊस थांबल्यावर किती दिवस टिकतो? डाग पावसाळ्यातच वाढतो की उन्हाळ्यातही? उन्हाळ्यातही वाढत असेल तर दोष आकाशाचा नसून नळाचा असतो. मग तो घराला बाहेरून प्रदक्षिणा घालतो, कारण आतल्या डागाचे कारण पुष्कळदा बाहेरच्या अंगणात असते: पन्हाळीचे पाणी पायाशी पडते आहे काय, रस्ता वारंवार उंच झाल्यामुळे घराचे जोते जमिनीच्या पातळीला आले आहे काय, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याचा मारा झेलणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीवर छज्जा आहे काय. डागाची जागा हीच त्याची अर्धी साक्ष असते. जमिनीपासून कमरेच्या उंचीपर्यंत चढून तेथे पांढऱ्या रेघेत थांबलेली ओल ही पायातून केशाकर्षणाने वर आलेली. वरून खाली उतरणारा पिवळट ओघळ हा गळतीचा. आणि कपाटामागे, पलंगाच्या उशाशी, खोलीच्या कोपऱ्यात गोल ठिपक्यांनी पसरलेली काजळी ही कोंडलेल्या हवेतील वाफ थंड भिंतीवर जमल्याची खूण.

नंतर यंत्रे येतात. ओलमापकाच्या दोन सुया भिंतीत टोचल्या की तो विजेला होणाऱ्या विरोधावरून ओलीचा अंदाज देतो. पण या यंत्राचा एक दोष अक्कलकोटासारख्या ठिकाणी विशेष ध्यानात ठेवावा लागतो. खारवट माती आणि क्षारयुक्त पाणी यांमुळे येथील भिंतींना लोणा लागतो, आणि लोण्यातील क्षार विजेला वाट देत असल्यामुळे वाळत आलेली भिंतही यंत्राला ओलीचिंब भासते. अननुभवी माणूस त्या आकड्यावर भिस्त ठेवून घरधन्याला हजारो रुपयांच्या खर्चात लोटतो. उष्णतेचे चित्र दाखवणारा कॅमेराही असाच जपून वापरावा लागतो. ओल सुकताना भिंत थंड होते, तो थंडपणा कॅमेरा टिपतो. परंतु दुपारच्या उन्हात स्लॅब तापून गेलेला असताना बारीकसारीक फरक त्या तापात बुडून जातात, म्हणून पहाटेची किंवा सूर्यास्तानंतरची वेळ बरी. आणि ज्याला ही महागडी साधने परवडत नाहीत त्याच्यासाठी एक अगदी साधी परीक्षा आहे: हातभर प्लास्टिकचा चौकोन चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट बसवावा आणि एक-दोन दिवसांनी पाहावे. थेंब प्लास्टिकच्या आतल्या अंगास, भिंतीकडे, जमले तर पाणी भिंतीतून येते; खोलीकडील अंगावर जमले तर ते खोलीच्या हवेतले. दोहोंचे उपाय निराळे आहेत.

एवढे झाल्यावरही शंका उरली तरच प्रयोगशाळेकडे जावे. डागावर पारदर्शक चिकटपट्टी दाबून उचलावी, काचेवर लावून निळ्या रंगद्रव्यात बुडवावी आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरावी, की क्लॅडोस्पोरियमच्या साखळ्या, अ‍ॅस्परजिलसचे गोल माथे, अल्टर्नेरियाचे गदेसारखे बीजाणू ओळखू येतात. हवेतील बीजाणूंची मोजदाद त्याहून अवघड, आणि या मोजदादीच्या इतिहासात महाराष्ट्राचे एक मानाचे पान आहे. हिंदुस्थानात हवेतील सूक्ष्मजीवांचा पद्धतशीर अभ्यास डेव्हिड कनिंगहॅम याने कलकत्त्याच्या तुरुंगांत केला आणि १८७३ मध्ये त्याचा ग्रंथ निघाला. पुढे १९५२ मध्ये इंग्लंडात हर्स्टने आपला प्रसिद्ध बीजाणू-सापळा रचला. विदेशी यंत्र महाग, त्याची दुरुस्ती दुरापास्त. अशा वेळी औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. एस. टी. टिळक यांनी कुलकर्णी या आपल्या सहकाऱ्यासह १९७० मध्ये येथल्या सामग्रीतून एक नवे यंत्र सिद्ध केले, जे आजही टिळक एअर सॅम्पलर या नावाने ओळखले जाते. घरगुती विजेवर चालणारे हे यंत्र मिनिटाला ५ लिटर हवा आत ओढते. ती हवा एका फिरत्या पिंपावर गुंडाळलेल्या, व्हॅसलीन लावलेल्या पट्टीवर आदळते आणि तिच्यातील कण तेथे चिकटून राहतात. पिंपाचा एक फेरा ८ दिवसांत पुरा होतो. नंतर ती पट्टी काढून तिचे तुकडे पाडले की कोणत्या दिवशी व कोणत्या रात्री हवेत काय तरंगत होते याची रोजनिशीच हाती येते. शेतांतील रोगांची पूर्वसूचना, दम्याच्या रोग्यांभोवतीची हवा अशा नाना कामी ही रीत उपयोगी पडली. मोठ्या गाजावाजाविना झालेले असे संशोधन आपल्या शालेय पुस्तकांत ठळकपणे यावयास हवे, असे मला मनापासून वाटते.

आजचे व्यावसायिक तपासनीस याहून लहान सापळे वापरतात, पाच-दहा मिनिटे हवा ओढतात, आणि घराबाहेरचा नमुना घेऊन त्याच्याशी घरातल्याची तुलना करतात. बाहेरच्यापेक्षा आत संख्या फार, अथवा आत भलतीच जात, असे दिसले तर घरातच कोठे तरी पैदास आहे असा तर्क. पण दहा मिनिटांच्या हवेवर सबंध घराचा निवाडा देणे धाडसाचे आहे. कुजलेल्या कागद-पुठ्ठ्यावर वाढणाऱ्या स्टॅकीबॉट्रिसचे बीजाणू चिकट असल्यामुळे ते सहजी उडत नाहीत आणि भिंतीत बुरशी माजलेली असतानाही हवेचा नमुना निर्दोष येऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ओल व बुरशी यांविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली त्यांत बीजाणूंची कोणतीही सुरक्षित मर्यादा सांगितलेली नाही. ओलसर घरात राहणाऱ्यांना दमा व श्वसनाचे विकार अधिक जडतात एवढे निश्चित सांगून ओल हटवा हाच उपदेश केला आहे. २०२१ मध्ये ‘काळी बुरशी’ म्हणून गाजलेल्या म्युकरमायकोसिसच्या साथीत ज्या लोकांनी घरातल्या काळ्या डागांची धास्ती घेतली त्यांनाही हे सांगावयास हवे होते की तो रोग प्रामुख्याने अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडे यांनी दुबळ्या झालेल्या शरीराचा, आणि भिंतीवरील काळी काजळी बहुधा निराळ्याच जातीची. निष्काळजीपणाला मात्र त्यामुळे सवलत मिळत नाही. इंग्लंडातील रॉचडेल येथे अवाब इशाक नावाचे दोन वर्षांचे मूल डिसेंबर २०२० मध्ये श्वसनविकाराने दगावले; बुरशीने भरलेल्या घरात दीर्घकाळ राहिल्याने ते घडले असा निर्णय चौकशीअंती झाला, आणि तक्रार करणाऱ्या त्याच्या पित्याला डागांवर रंग मारण्याचा सल्ला मिळाला होता हेही उघड झाले. २०२३ मध्ये तेथे त्या बालकाच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला.

अमेरिकेतील टेक्सास राज्याने आणखी एक शहाणपणाची तजवीज केली आहे: ज्याने तपासणी केली त्याच संस्थेने त्याच घराची सफाई करू नये. आपल्याकडे फुकट तपासणीची जाहिरात करणारा माणूस स्वतःचेच रसायन विकण्यास आलेला असतो. त्याच्या अहवालात भिंतीचे दुखणे त्याच्या डब्यातील औषधाशी नेमके जुळते. तपासणारा आणि दुरुस्त करणारा भिन्न असावा ही गोष्ट कायद्याची वाट न पाहता प्रत्येक गृहस्थाला पाळता येईल.

ऑक्टोबर २०२० मध्ये अतिवृष्टीने बोरी नदीला पूर येऊन अक्कलकोट तालुक्यातील नदीकाठच्या गावांत घरोघर पाणी शिरले. पंचनामे झाले, पण पंचनाम्याची भाषा पडझडीची असते. जी भिंत पडली ती कागदावर आली, जी उभी राहून छातीभर पाणी प्यायली ती आली नाही, आणि पुढचे कित्येक महिने तिच्या आडोशाने झोपणाऱ्या म्हाताऱ्यांच्या खोकल्याची दाद घेणारा कोणी नव्हता. तलाठी आणि ग्रामसेवक यांच्या नमुन्यात ओलीचा एक रकाना वाढवणे, पूर ओसरल्यावर महिन्याने फेरतपासणी करणे, आणि सोलापूरच्या महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडे चिकटपट्टीचे नमुने पाठवणे, यांस फार मोठा खर्च लागणार नाही. ही विनंती तालुक्याच्या कारभाऱ्यांनी मनावर घ्यावी.

आणि ज्या वाचकाला घर विकत किंवा भाड्याने घ्यावयाचे असेल त्याने ते चैत्रात पाहू नये. हस्ताचा पाऊस पडून गेल्यावर, आश्विनात, सकाळी दारे उघडण्यापूर्वी जावे, कपाटे पुढे ओढवून घ्यावीत, गच्चीवर चढून पाण्याचा ढाळ पाहावा, आणि भिंतीला नुकताच रंग दिलेला असेल तर तो कशासाठी दिला हे घरमालकाला स्पष्ट विचारावे.